कूलरखालचा पापुद्रा

हॅलो?

हॅलो… हां ताई, बोल. …थांब, थांब, दोन्ही हात अडकलेत माझे. स्पीकरवर टाकते. …कोपराने दाबतेय गं, लागत नाहीये मेलं. …हां, आता येतंय ऐकू? बोल.

छे गं, स्वयंपाक कसला. कॉम्प्युटर उघडून बसलेय.

कॉम्प्युटर! …हो, माझाच. शेजाऱ्यांचा कशाला उघडू?

अगं आवरतेय की! पुस्तकं भरून झाली, कपडे झाले. भांडी तेवढी राहिलीत. …सांगितलंय टेम्पोवाल्याला. रविवारी सकाळी. …हो, दोनदा सांगितलंय. …बरं बाई, तिसऱ्यांदा सांगते, मग तो टेम्पो घेऊन यायच्या ऐवजी मला मारायला येईल.

बाबा कसे आहेत? …अच्छा, खुर्चीत. आणि वॉकर? …गॅलरीपर्यंत? एकटे? …अरे वा! सांग त्यांना, मी आले की रोज दोन फेऱ्या, आणि कुरकुर चालणार नाही. …ऐकू येत नाही म्हणे! त्यांच्या सोयीचं तेवढं बरोब्बर येतं.

तू कशी आहेस? …आवाज बसलाय तुझा. …झोप नाही झाली ना? …बघ, आता दोनच दिवस. मग मी आहेच. तू जा तुझ्या घरी, लेकीच्या परीक्षेचं बघ, नवऱ्याला बघ, आणि आठवडाभर नुसती झोप.

काय? …नाही, टाकून नाही देत. खालच्या मजल्यावर चित्रकलेच्या बाई राहतात ना, त्यांना देतेय. त्यांना काय, मुलांची चित्रं साठवायची, पत्रं लिहायची. …हो, चालतो तेवढ्याला. पण ताई, बंद पडणारी वस्तू कुणाच्या गळ्यात कशी मारायची? उद्या बाई जिन्यात भेटल्या तर… बरं, भेटणार नाहीत, मी जाणारच आहे. तरी पण.

म्हणून गेले काल दुकानात. त्या पार्टवाल्याला सगळं सांगितलं. साधं काम करताना काही नाही, पण घराचं मोठं चित्र शिजायला, म्हणजे तयार व्हायला टाकलं की ताप चढतो, शंभरच्या घरात जातो, आणि फाटकन बंद. तर तो म्हणाला, दादा म्हणतो तसा आतला मुख्य बोर्ड गेला असता तर सुरूच झाला नसता. म्हणे हा स्वतःला वाचवायला बंद होतोय. कूलर बदलून बघा म्हणाला.

हो, मला माहितेय दादाने नवाच बसवला होता. मी तेच म्हटलं त्याला. तर म्हणतो, नवा पण कधीकधी खराब निघतो. …अगं जाऊ दे ना ताई, एक कूलर असाच पडून होता त्या दुकानवाल्याकडे, त्याने फुकटच देऊन टाकला. …नसता उद्योग काय त्यात? माझा हात काय थरथरतोय? इतकी वर्षं लोकांना न बांधलेली घरं चित्रात दाखवली मी या डब्यावर. जाताना निदान त्याला बरं करून जाते.

नाही, नाही, ठेवू नकोस फोन. बोलत राहा. एकटीला भीती वाटतेय खरं तर. …हो, वायर काढलीय भिंतीतून. एवढी वेडी नाही मी.

आता जुना कूलर काढतेय. चार स्क्रू आहेत. एका ओळीने नाही काढायचे, समोरासमोरचे कोपरे. एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा. …व्हिडिओत बघितलं. सकाळपासून एक माणूस मला शिकवतोय. इतक्यांदा लावलाय तो व्हिडिओ, आता तो घरातलाच वाटायला लागलाय. एकदा तर मी त्याला 'थांब रे जरा' म्हणाले.

पहिला निघाला… दुसरा… हा तिसरा हट्टी आहे. दादानेच आवळलेला असणार. तुला आठवतं, लहानपणी लोणच्या-बिणच्याच्या बरण्यांची झाकणं तो अशी लावायचा की नंतर कुणाला… हां, निघाला!

आता हळूच डावी-उजवीकडे फिरवून उचलायचा. आतली पेस्ट धरून ठेवते म्हणे. …पेस्ट गं. करडी असते, टूथपेस्टसारखी. खाली प्रोसेसर असतो, तो तापतो. वर कूलरचा तांब्याचा तळ. दोघांच्या मधे ही पेस्ट, म्हणजे ताप सरळ तांब्यात चढतो आणि पंखा त्याला बाहेर हाकलतो. …बघ, समजलं की नाही? उगाच दादा मोठमोठे शब्द वापरतो.

निघाला! …अगं, हा तर लगेच हातात आला. व्हिडिओतला चांगला चिकटून बसला होता.

ताई, हे काय आहे?

थांब, तळ बघतेय. काहीतरी आहे तांब्यावर. चष्मा कुठे ठेवला मी… डोक्यावरच आहे. हां.

प्लॅस्टिक आहे.

पापुद्रा गं, पारदर्शक. नव्या मोबाईलच्या काचेवर असतो ना, सोलून काढायचा, तसा. कोपऱ्याला छोटी जीभ पण आहे धरायला. आणि लाल अक्षरात… अगं बाई! ताई, यावर लिहिलंय, 'बसवण्यापूर्वी काढा'!

अरे देवा! …दादाने… हा पापुद्रा न काढता… त्याच्यावर पेस्ट फासून… बसवून टाकला! एवढा मोठा इंजिनिअर! माती खाल्ली की गं साहेबांनी! …थांब, मला हसू आवरत नाहीये. चष्म्यावर पाणी आलं.

तू हसत का नाहीस? …अगं कळलं नाही का? रेनकोट घालून आंघोळ करण्यासारखं आहे हे! वर नवा कोरा कूलर, भणाणा फिरतोय पंखा, आणि ताप बिचारा खालीच कोंडलेला. प्लॅस्टिकमधून वर जाणार कसा?

हे बघ, सोलतेय. ऐक हां… सर्रऽऽ. ऐकलंस? आणि खाली तांबं असं चकचकीत, तोंड दिसतंय माझं.

काय गं, तुझं लक्ष कुठे आहे? …नुसतं 'हो हो' करतेयस. …दमलीस का? …मग बस जरा. खुर्ची ओढ आणि बस. मला पाचदहा मिनिटं लागतील, मला सोबत कर.

जुनी पेस्ट पुसतेय. स्पिरिट आणि कापूस. …हो, डॉक्टर झालेय मी. आता नवी पेस्ट. वाटाण्याएवढी घालायची, मधोमध. कमी पडली तरी वांधे, जास्त झाली तरी बाजूने गळते. …हा वाटाणा जरा जाडजूड झाला. असू दे, सशक्त वाटाणा आहे.

आता नवा कूलर. बाप रे, याचं वजन बघ… तुला कसं दिसणार. बाळ उचलल्यासारखा दोन्ही हातांनी धरलाय. आणि हो, पापुद्रा काढलाय. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बोट फिरवून बघते. …काढलाय. घराण्याचं नाव आणखी नाही घालवत.

स्क्रू… समोरासमोर… एक इकडे… एक तिकडे. …बोल ना काहीतरी. …बाबांना चहा दिलास? …बरं. …लेक काय म्हणतेय? …अभ्यास करते की नुसती वही समोर धरून बसते? …ताई, मी एकटीच बोलतेय असं वाटतंय.

पंख्याची वायर… ही इथे… बसली. झाकण नंतर लावते. वायर भिंतीत. चालू करू? …करू का सांग ना! …'तुला हवं तर' काय? तू असतीस ना इथे तर माझा हात धरून बसली असतीस. शाळेचा निकाल बघायला अशीच बसायचीस. …बरं, करतेय. तीन म्हणायला थांबत नाही.

…

…

झाला! सुरू झाला! फिरतोय पंखा! …आवाज? आवाजच नाही, हात धरला तर वारा लागतोय म्हणून कळतंय.

थांब, आता ताप बघायचा. तो प्रोग्रॅम उघडते. …अडतीस. नुसता बसलाय तर अडतीस. आधी नुसता बसला तरी सत्तरच्या वर असायचा गं!

नाही, ही खरी परीक्षा नाही. आता त्याला कामाला जुंपायचं. यात एक चाचणी असते, सगळी ताकद पणाला लावते. आधी मी ही लावली होती तेव्हा चहा गाळून होईपर्यंत शंभर झाले आणि अंधार. …लावतेय. …लावली.

पन्नास… चोपन्न… अठ्ठावन्न… एकसष्ट… बासष्ट… बासष्ट… थांब, बोलू नकोस. …चौसष्ट. …चौसष्ट. …पंख्याने जरा जोर धरला. …त्रेसष्ट. खाली आला! ताई, खाली आला!

चौसष्टच्या वर जातच नाहीये. …हो. …अगं काहीच झालेलं नाही त्याला! बोर्ड ठणठणीत आहे! दादा म्हणायचा म्हातारा झालाय, म्हातारा कसला, घोडा आहे घोडा! त्याला नुसतं ते प्लॅस्टिक… एवढंसं… सगळे महिने… नुसतं एक प्लॅस्टिक…

मला रडूच यायला लागलं. …नाही, चांगलं रडू आहे. असू दे.

ऐक, ऐक ना, सुचलं मला. मी हा घेऊनच येते! …हो! रविवारी टेम्पोत टाकते. बाबांच्या शेजारची खोली आहे ना, आईची शिवणाची, तिथे टेबल लावते. दिवसा बाबा, ते झोपले की माझं काम. …चित्रकलेच्या बाईंना दुसरा काहीतरी बघू, त्यांची मी माफी मागते. आणि आत्ताच्या आत्ता आर्किटेक्टबाईंना फोन करते. शाळेच्या इमारतीची चित्रं काढायचं त्यांचं काम माझ्या हातून गेलं ते गेलं, पण पुढचं तरी… सांगते त्यांना, माझी चूक नव्हती, मशीनचीही नव्हती, आमच्या भावाने प्लॅस्टिक काढलं नव्हतं! त्यापण हसतील.

पण त्याच्याआधी दादा. थांब, त्याला पण याच फोनवर घेते, तिघं बोलू. नुसतं विचारायचं, 'काय हो इंजिनिअरसाहेब, सोलून खायचं फळ सालीसकट खाता का?' …

नको? का नको? …अगं चिडवू दे ना थोडं! …वाईट कशाला वाटेल, गंमत आहे. चुका होतात. …ताई, जन्मभर त्याने मला चिडवलंय, एकदा माझी पाळी आली तर…

बरं, नाही लावत. एवढं काय त्यात?

ताई?

हॅलो? …आहेस का?

रडतेयस तू? …काय झालं? बाबा… बाबांना काही… मग? …खरं सांग, डॉक्टर काही म्हणाले का? …बाबा ठीक आहेत ना? …नक्की? …मग का रडतेयस? घाबरवू नकोस मला.

सांग ना.

…

काय माहीत होतं?

नीट बोल, रडता रडता कळत नाहीये. …दादाला. …दादाला प्लॅस्टिकचं माहीत होतं?

कसं माहीत असेल? माहीत असतं तर काढलं नसतं का? …नंतर? नंतर कसं?

…ऑफिसात. …हां. …तसाच कूलर दुसऱ्या कुणाच्या मशीनला बसवत होता. …पापुद्रा सोलला आणि आठवलं, माझा काढलाच नव्हता. …हो. समजलं. हो.

कधी ताई?

नाही, कधी ते सांग. …बाबा पडले त्याच्या पुढच्याच आठवड्यात?

म्हणजे… थांब. मला जुळवू दे. त्यानंतर मी त्याला फोन केला होता. शाळेचं चित्र अर्ध्यात गेलं तेव्हा. ओरडत होते मी फोनवर, दादा काहीतरी कर, ये ना एकदा. आणि तो म्हणाला, बोर्डच म्हातारा झालाय, आता त्याच्यामागे लागू नकोस. …तेव्हा त्याला माहीत होतं?

माहीत होतं.

माझा सख्खा भाऊ. मूग गिळून बसला. माझं काम डोळ्यांदेखत मरत होतं आणि हा मूग गिळून बसला! कुठे आहे तो आता? लावतेच त्याला फोन. चिडवायला नाही आता. त्याला विचारते, कुठल्या तोंडाने…

का? अजूनही का नको? त्याची बाजू घेऊ नकोस ताई! त्याला लाज वाटली असेल चुकीची, मान्य, एक दिवस वाटेल, दोन दिवस वाटेल, पण इतके महिने…

काय?

तो येणार होता?

दुसऱ्याच दिवशी येऊन काढून देणार होता. …मग का नाही आला?

…

कुणी थांबवलं?

…

ताई, कुणी थांबवलं त्याला?

…

तू.

…

नाही, आहे मी. फोन चालू आहे. …बोल. तूच बोल आता.

'आत्ता नको, आधी बाबांचं मार्गी लागू दे.' असं म्हणालीस त्याला. …आणि बोर्डाचं? बोर्ड म्हातारा झालाय, हे त्याला सुचलं की… तेही तू. 'असं सांग तिला.' …वा. तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही ना? मघाशी मी तुला पेस्ट म्हणजे काय ते समजावत बसले होते. सगळं ठाऊक होतं तुला. मी हसत होते, चष्मा पुसत होते, आणि तू तिकडे खुर्चीत बसून…

अगं मी रोज तुला फोन करत होते! दुसऱ्या कुणाला नाही, तुला! जेवण झालं की तुला. शाळेचं काम गेलं, त्या बाई मला म्हणाल्या की तुमच्यावर आता विसंबून राहता येत नाही. इतक्या वर्षांनी मला असं कुणीतरी म्हणालं, आणि ते मी तुला सांगितलं, हुंदके देत. आणि तू काय म्हणालीस? …आठवतं का? …मला आठवतं. 'जाऊ दे गं. कदाचित हेच व्हायचं असेल. सुटलीस समज.' माझ्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोललीस. मी म्हटलं, ताई आहे म्हणून मी आहे.

केसाने गळा कापलास गं.

तुला एक वाक्य बोलायचं होतं. दोन शब्द. 'प्लॅस्टिक काढ.' झालं असतं! मी पाच मिनिटांत काढलं असतं!

हो, दमली होतीस. माहितेय. …माहितेय मला ताई, बाबांना रात्रीतून तीनदा उठवायचं, अंघोळ घालायची, लेक तिकडे एकटी, नवरा कटकट करतो. मला सगळं माहितेय, कारण तेही तू मलाच सांगायचीस आणि मी ऐकायचे! मग विचारायचं होतंस. 'मला होत नाहीये, तू ये' एवढं म्हणायचं होतंस. मी आले नसते का?

आले असते! दुसऱ्या दिवशी आले असते! कॉम्प्युटर काखोटीला मारून आले असते! आईच्या खोलीत टेबल लावलं असतं. आर्किटेक्टबाईंना काय, मी कुठे बसून काढते त्याच्याशी काय घेणं त्यांचं? शाळेचं काम झालं असतं, बाबांचंही झालं असतं, तूही सुटली असतीस. कुणाचं काय गेलं असतं?

काय म्हणालीस? …परत म्हण.

'विचारलं असतं तर तू आली असतीस, आणि काही बिनसलं की आयुष्यभर मला बोल लावला असतास.'

म्हणून मला विचारायचंच नाही. माझं काम आपलं आपण मेलं पाहिजे. म्हणजे मी हात हलवत येणार, तुम्ही सगळे म्हणणार, 'बिचारीचं मशीनच गेलं, काय करणार.' दोष त्या डब्याचा. तुझा हात कुठेच लागायला नको. आणि वर माझी समजूत काढायला तूच.

नाही, ऐकून घे आता. मी सगळ्यांना कळवलंय ताई. एकेकाला. 'मी काम बंद करतेय, आजवर विश्वास ठेवलात त्याबद्दल आभार.' ती चार ओळींची चिठ्ठी लिहायला मला आख्खी दुपार लागली. आणि पाठवायच्या आधी वाचून कुणाला दाखवली? …तुला. तू म्हणालीस, 'छान लिहिलंयस, पाठव.'

पाठव म्हणालीस गं तू.

…

सॉरी म्हणू नकोस. …नको म्हणतेय ना. …मला ते आत्ता नकोय. आत्ता मला काहीच नकोय तुझ्याकडून. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घालायचीस, मला ताप आला की तू उशाशी बसायचीस. दादाने केलं असतं ना, तर मी चार शिव्या घालून विसरून गेले असते. तू केलंस. तुझं काय करू मी, सांग ना? तुझ्याबद्दल रडायला मी कुणाला फोन करू?

…

कोण बोलतंय मागे? …बाबा?

काय विचारतायत? …कोण ओरडतंय म्हणतायत? …मी ओरडतेय, सांग. …बरं, नको सांगूस. फोन दे त्यांना.

दे म्हणतेय ना. …नाही, काही नाही सांगत त्यांना. तुझ्यासारखं मलाही गप्प बसता येतं. दे.

…

बाबा? …बाबा, मी! …मी बोलतेय, मी! …अहो फोन उलटा धरलाय तुम्ही, दुसऱ्या बाजूने धरा. …हां. आलं ऐकू?

बरी आहे. …जेवले नाही अजून, जेवते. …तुम्ही गॅलरीपर्यंत गेलात म्हणे? …शाबास. …नाही हो, ओरडत नव्हते. लाईनमध्ये खरखर होती म्हणून मोठ्याने.

काय? …कॉम्प्युटर? …तुम्हाला कुणी सांगितलं? …हो, बिघडला होता. मेला नव्हता. …हो बाबा. झाला नीट. …आत्ताच. …मीच केला, कुणी नाही. पंखा बदलला. …खरंच चालतोय. अगदी गार आहे.

बरं वाटलं ना ऐकून? …मलाही.

…काय म्हणालात?

'मग आता कशाला येतेस.'

…

नाही, आहे मी इथेच. ऐकतेय. …हो. …हो बाबा. …काम टाकून नको येऊ म्हणताय. …एखादी बाई ठेवू म्हणता. …नाही हो, रागावले नाही. तुमच्यावर कशाला रागावू? एवढं मला कुणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत, म्हणून जरा…

तुम्हाला मी यायला हवी आहे का? …खरं सांगा. …अगदी खरं.

…

मग येते. रविवारीच येते, ठरल्यासारखी. पण कॉम्प्युटरसकट येते. आईच्या खोलीतलं शिलाई मशीन जरा बाजूला सरकवावं लागेल, चालेल? …आणि मी काम करत असले की हाका मारायच्या नाहीत उगाच. …पाणी हवं असेल तर मारा. …गप्पा मारायला नाही. …बरं, थोड्या.

काम मिळेल की. नव्याने शोधेन. …जुने लोक? …बघू. त्यांना आता माझा भरवसा वाटत नाही, वेळ लागेल.

ताई? …ताई जाईल ना तिच्या घरी. मी यायच्या आधीच जाईल ती, शनिवारी संध्याकाळी. एक रात्र दादा येऊन झोपेल तुमच्यापाशी. …हो, मी सांगते त्याला. …नाही हो, भेटायची गरज नाही आमची. नंतर भेटू कधीतरी. …

भांडण? नाही. …नाही म्हणतेय ना बाबा. …

रडतेय? …दमलीय ती. …हो, फार केलं तिने तुमचं. ते खरंय. …झोपू दे तिला.

बाबा… बाबा, ऐका. फोन तिच्याकडे नका देऊ. …मागू दे. नका देऊ. …नाही, मला नाही बोलायचं. …'एकच मिनिट' म्हणतेय? …नको. सांगा तिला, नको. …तुम्हीच बंद करा. …लाल गोल आहे ना, खाली? …चष्मा नाही? …मधे, खाली. बोट ठेवा. …ते नाही, ते आवाजाचं आहे. …हां, त्याच्या खाली. …तेच.

दाबा, बाबा.